अल्पवयीन मुलगी गरोदर राहिल्यास पालकांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने

घरात ही गोष्ट कळली की पहिला प्रश्न येतो तो ‘कोण तो?’ आणि दुसरा ‘लोक काय म्हणतील?’. किती आठवडे झाले, हे विचारायला मात्र चार-आठ दिवस उलटून जातात. आणि वैद्यकीयदृष्ट्या व कायद्याने जे काही करता येण्यासारखे असते, ते सगळे त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. पालकांची माया कमी पडते असे क्वचितच दिसते. चुकतो तो क्रम, आणि म्हणून गोव्यातल्या पालकांसाठी लिहिलेला हा लेख क्रमाचा आहे.

मुलगी अठरा वर्षांखालील आहे, असे धरून पुढील टप्पे लिहिले आहेत. तिने अठरा पूर्ण केली असतील, तर उपचारांचा आणि गर्भाविषयीचा निर्णय तिचा एकटीचा असतो आणि त्यासाठी पालकांची सही लागत नाही. अशा वेळी टप्पा १, २, ७ आणि ८, तसेच सहाव्यातील उपचारांचा भाग तिच्या संमतीने वापरावा.

टप्पा १ : पहिले बोलणे

बोलायला एकाच माणसाने बसावे, आणि ते कोणी याची निवड मुलीने करावी. आईच असली पाहिजे असे नाही. काही घरांत मुली मावशीजवळ किंवा आजीजवळ अधिक मोकळ्या होतात. दार बंद असावे, मोबाईल बाजूला ठेवावेत आणि धाकटी भावंडे घरात नसावीत. सुरुवात करायला दोन-तीन वाक्ये पुरतात: ‘बाय, मी ओरडणार नाही. तुला घराबाहेर कोणी काढणार नाही. आधी तुझी तब्येत बघू, बाकीचे मागाहून.’ एवढे बोलून थांबावे. ती रडली तर रडू द्यावे आणि गप्प बसली तर तिच्याजवळ बसून राहावे.

त्यानंतर फक्त पाच गोष्टी विचाराव्यात: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, मध्ये कधी रक्त गेले का, पोटात दुखते का, कोणती गोळी किंवा काढा घेतला आहे का, आणि कोणी धमकी देत आहे का. उत्तरे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत. हीच वही पुढे डॉक्टरांसमोर उपयोगी पडते.

‘कोण’ हा प्रश्न त्या दिवशी टाळण्यामागे नुसता हळवेपणा नाही. घरातल्या चार जणांनी तेच चार वेळा खोदून विचारले, की मुलगी प्रत्येकाला सोसेल तेवढेच सांगते. पुढे अधिकृत जबाब देण्याची वेळ येते तेव्हा या वेगवेगळ्या तुकड्यांचाच तिला त्रास होतो. तिने आपण होऊन सांगितले, तर मध्ये न तोडता ऐकावे आणि तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत.

*सावधान:* तिच्या बोलण्यातून घरातल्याच किंवा जवळच्या नात्यातल्या माणसाची भीती जाणवली, तर ही गोष्ट त्या माणसाच्या कानावर जाऊ देऊ नये आणि मुलीला त्याच्यासोबत एकटे ठेवू नये. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि पालकांनाही त्यावर फोन करता येतो.

*सावधान:* तिचा मोबाईल हिसकावून संदेश पुसू नयेत. लाजेपोटी पुसलेला मजकूर पुढे पुरावा म्हणून हवा असतो.

टप्पा २ : आठवडे निश्चित करा

फार्मसीत मिळणाऱ्या पट्टीवर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी घरीच करता येते. पट्टी गावातल्या ओळखीच्या दुकानातून घेण्याऐवजी म्हापशाहून, फोंड्याहून किंवा मडगावहून आणावी, इतके व्यवहारज्ञान पालकांना सांगायला नको. पण पट्टी फक्त हो किंवा नाही एवढेच सांगते. आठवडे कळतात ते सोनोग्राफीने, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन-तीन दिवसांच्या आत करून घ्यावी.

गरोदरपणाचे आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे मुलगी ‘दोन महिने झाले’ म्हणते, तेव्हा वैद्यकीय हिशेबाने साधारण दहा आठवडे झालेले असतात. या वयात पाळी पुष्कळदा अनियमित असते आणि गरोदरपणातही थोडेसे रक्त जाऊ शकते, म्हणून तारखेवर विसंबून राहू नये. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवडाभराच्या फरकाने वय सांगते. उशीर होत जातो तशी ही चूक वाढत जाते.

*तपासा:* अहवाल हातात आला की त्यात गर्भ गर्भाशयातच आहे का, आणि वय किती आठवडे व किती दिवसांचे लिहिले आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. ‘१४ आठवडे ३ दिवस’ असा उल्लेख असेल, तर तो आकडा आणि तपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. यापुढचा प्रत्येक निर्णय या दोन नोंदींवरून मोजला जाईल.

*सावधान:* पोटाच्या एका बाजूला तीव्र कळ, घेरी किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले, तर चाचण्यांचा क्रम बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत वाढत असेल, तर काही तासांतही जीव धोक्यात येतो.

*सावधान:* गर्भपाताच्या गोळ्या कोणाकडून तरी मिळवून घरी देऊ नयेत. आठवडे माहीत नसताना किंवा गर्भ नलिकेत असताना घेतलेली गोळी ही या साऱ्या प्रवासातली सर्वांत घातक चूक आहे. पपई, काढे आणि कसली तरी इंजेक्शने यांनी काम तर होत नाहीच, वर आठवडे मात्र निघून जातात.

टप्पा ३ : इस्पितळाची पहिली भेट

बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ येथे स्त्रीरोग विभाग आहेत. गावचे आरोग्य केंद्र जवळ असले, तरी पहिल्या भेटीसाठी मोठे इस्पितळ निवडावे, असे माझे मत आहे. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तपेढी, समुपदेशक आणि कायदेशीर नोंदीची सवय असलेले कर्मचारी एकाच आवारात असतात, आणि शेजारणीची सून त्याच खोलीत नर्स असण्याची शक्यताही कमी असते.

सोबत न्यायचे ते असे: मुलीचा जन्मदाखला, दोघांचे आधार कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, आधीच्या आजारांचे कागद, आणि ती वही. नाव-वय नोंदवताना खिडकीवर मोठ्याने काही विचारले जाऊ लागले, तर ‘हे आत डॉक्टरांनाच सांगतो’ असे शांतपणे म्हणावे. डॉक्टर तुम्हाला काही मिनिटे बाहेर बसायला सांगतील. तिथे मुळीच वाद घालू नये; मुलीला एकटीने सांगायचे असे काहीतरी असते, आणि पालक समोर असताना ते ओठांवर येत नाही.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब यांचा समावेश असावा. रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाला, तर ते वहीत ठळक लिहावे, कारण गर्भपात असो वा प्रसूती, दोन्ही वेळी अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो.

*तपासा:* लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला मोफत प्राथमिक उपचार देणे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही इस्पितळांवर कायद्याने बंधनकारक आहे. उपचारांआधी एफआयआर किंवा न्यायालयाचा कागद मागता येत नाही. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असे कोणी म्हटले, तर वरिष्ठ डॉक्टरांना भेटावे.

टप्पा ४ : पोलीस आणि बाल कल्याण समिती

या टप्प्यावर पालक सर्वाधिक घाबरतात, म्हणून तो जरा विस्ताराने पाहू.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) अठरा वर्षांखालील मुलीशी झालेला संबंध हा गुन्हाच आहे. तिची संमती होती, दोघांचे प्रेम होते, यांमुळे त्यात फरक पडत नाही. समोरचा मुलगाही अठराच्या आतला असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ज्याला ही गोष्ट कळली, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि यात डॉक्टर येतात तसे पालकही येतात. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ‘डॉक्टरांनी उगाच पोलिसांना बोलावले’ म्हणून त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

मात्र एक सवलत पुष्कळांना माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांनी तिचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील उघड करण्याची गरज नाही. ही विनंती डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत लेखी द्यावी. एकदा नावासह कागद पुढे गेला, की तिचा उपयोग उरत नाही.

तक्रार देताना पुढील हक्क आधीच माहीत असावेत. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. तो शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि अधिकारी गणवेशात नसावी. मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहू शकते. तिला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी समितीला, कळवायचे असते, आणि समिती तुमच्या व मुलीच्या संमतीने खटल्याच्या काळात सोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती आवर्जून मागून घ्यावी. न्यायालयातल्या तारखा, जबाब आणि नुकसानभरपाईचा अर्ज यांत गोंधळलेल्या पालकांना तिचा मोठा आधार होतो.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुले आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

*सावधान:* ‘त्या मुलाकडच्यांशी बोलणी करू, लग्न लावून टाकू’ हा सल्ला वाड्यावरचे कोणीतरी वडीलधारे हमखास देतात. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि लग्नाने आधीचा गुन्हा पुसला जात नाही. पत्नी अठरा वर्षांखालील असेल, तर पतीने ठेवलेला संबंधही बलात्कारच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. पैशांची तडजोड तर मुळीच करू नये.

टप्पा ५ : निर्णय

निर्णय म्हणजे गर्भपात, मूल वाढवणे, किंवा जन्म देऊन मूल दत्तकासाठी सोपवणे. तिन्ही मार्ग डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगावेत. पालकांनी तिथे शक्य तितके कमी बोलावे. देवाला कौल लावायचा की नाही, हा ज्या त्या घराच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण कौल मिळेपर्यंत डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये.

कायद्याची मर्यादा अशी आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुली आणि अत्याचारपीडित यांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, मात्र वीसच्या पुढे दोन डॉक्टरांचे मत लागते. चोवीस आठवडे ओलांडल्यावर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. इतर कारणांसाठी उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागते, आणि आपल्याकडे ती पर्वरीच्या खंडपीठाकडे मागायची असते. मुलीच्या जिवाला तात्काळ धोका असेल, तर या मर्यादा आड येत नाहीत.

म्हणून एकोणिसाव्या आठवड्यात असलेल्या पालकांनी ‘चवथ होऊन जाऊ दे, पाहुणे गेले की बघू’ असे म्हणू नये. तेविसाव्यात असाल, तर वकील आणि डॉक्टर या दोघांनाही त्याच दिवशी भेटावे.

अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. पण सही पालकाची असली, तरी इच्छा मुलीची असली पाहिजे. न्यायालयेही तिचे म्हणणे स्वतंत्रपणे विचारात घेतात. ती नको म्हणत असताना दबावाने केलेला गर्भपात आणि ती हो म्हणत असताना अडवून ठेवलेला गर्भपात, या दोन्हींचे परिणाम तिलाच भोगावे लागतात.

*तपासा:* ती तुमच्यासमोर जे बोलली, तेच समुपदेशकाशी एकटीने बोलली का? उत्तरांत फरक असेल, तर निर्णय अजून झालेला नाही असे समजावे.

टप्पा ६ : ठरलेल्या मार्गाची तयारी

*गर्भपात ठरला असल्यास.* तो सरकारमान्य केंद्रातच करावा. साधारण नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी, बारापर्यंत लहान शस्त्रक्रियेने आणि त्यापुढे दाखल होऊन, असा ढोबळ क्रम असतो. पोलीस तक्रार झाली असेल किंवा होणार असेल, तर डॉक्टरांना प्रक्रियेआधीच सांगावे, कारण डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवावा लागतो. हे मागाहून लक्षात आले, तर काहीच करता येत नाही. घरी आल्यावर तासाला दोन पॅड पूर्ण भिजणे असे सलग दोन तास घडले, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाला, तर थेट इस्पितळ गाठावे. दोन आठवड्यांनी फेरतपासणी चुकवू नये. गर्भधारणा पंधरवड्यातही पुन्हा होऊ शकते, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.

*गरोदरपण पुढे न्यायचे असल्यास.* नोंदणी शक्यतो बारा आठवड्यांच्या आत करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. कमी वयात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो, म्हणून किमान चार तपासण्यांवर समाधान न मानता डॉक्टर बोलावतील तितक्या वेळा जावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते.

गोळ्यांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र दिली जाते, आणि तीही चहासोबत. दोन्ही गोळ्यांत काही तासांचे अंतर असावे, आणि लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत द्यावी. शौच काळसर होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नये. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. रोजच्या नुस्त्या-भातात डाळ, तांबडी भाजी आणि अंडे यांची भर घालावी; ‘दोघांचे जेवण’ म्हणून ताटात भाताचा ढीग वाढू नये.

*सावधान:* तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट पाहू नये. प्रसूती इस्पितळातच व्हावी. सरकारी इस्पितळात ती मोफत असते.

टप्पा ७ : शाळा, नातेवाईक, शेजार

ही गोष्ट कोणाकोणाला सांगायची, याची यादी मुलीसोबत बसून करावी, आणि यादीबाहेरच्या कोणालाही सांगू नये, मग ती सख्खी आत्या का असेना. बाकीच्यांसाठी ‘तब्येत बरी नाही, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत’ एवढे एकच वाक्य घरातल्या सर्वांनी ठरवून ठेवावे. वेगवेगळ्या कहाण्या रचल्या, की त्या जुळत नाहीत आणि संशय वाढतो. पॉक्सो प्रकरणातील मुलीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, आणि तो वृत्तपत्रांना जसा लागू होतो तसाच गावच्या व्हॉट्सअॅप गटालाही.

शाळेत फक्त मुख्याध्यापकांना भेटावे आणि आजाराचे नाव नसलेला वैद्यकीय दाखला द्यावा. नाव काढून टाकण्याचा अर्ज घाईने देऊ नये. दहावी-बारावीचे वर्ष असेल आणि उपस्थिती अशक्य असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. तिला मालवणला किंवा बेळगावला नातेवाइकांकडे पाठवून देणे हा उपाय मला तरी पसंत नाही. तिथे तपासण्या तुटतात, आणि तिला शिक्षा झाल्यासारखे वाटते.

मनाकडेही लक्ष ठेवावे. झोप उडणे, जेवण तुटणे, ‘मी नसते तर बरे’ असे बोलणे, हे नाटक समजू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि बांबोळीला मनोविकार संस्थेत तज्ज्ञ आहेत. असे बोलणे ऐकल्यावर घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलुपात ठेवावीत आणि तिला रात्री एकटी झोपवू नये.

टप्पा ८ : प्रसूतीनंतर

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी. अविवाहित आईला पित्याचे नाव न देता बाळाचा जन्मदाखला मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. कार्यालयात कोणी अडवले, तर लेखी नकार मागावा.

मूल सोपवायचे असेल, तर ते फक्त बाल कल्याण समितीपुढेच सोपवावे. त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ‘ओळखीच्या एका जोडप्याला मूल हवे आहे’ असा निरोप कितीही भल्या माणसाने आणला, तरी त्या मार्गाने जाऊ नये. असा खासगी व्यवहार गुन्हा ठरतो, आणि पुढे कोणीही त्याचा धाक दाखवू शकतो.

मूल घरी ठेवायचे असेल, तर त्याची आई कोण याबद्दल घरात खोटे नाटक उभे करू नये. बाळाला आजीचे मूल म्हणून वाढवण्याचा बेत कागदपत्रांवर कोसळतो. रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत, पण दूध पाजणे आणि बाळाविषयीचे छोटे निर्णय तिच्याकडेच राहू द्यावेत. प्रसूतीनंतर रडू येणे दोन आठवड्यांत ओसरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

इस्पितळातून घरी सोडण्याआधी गर्भनिरोधनाविषयी डॉक्टरांशी तिच्या समोर बोलावे. तांबी प्रसूतीनंतर अठ्ठेचाळीस तासांत बसवता येते आणि इतर साधनेही उपलब्ध असतात. घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळाची तपासणी व्हायची असते. त्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात, आणि त्याच पानावर शाळेच्या पुढच्या प्रवेशाची किंवा परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीखही लिहावी.